सिनेमाची वाटणी

१९९६ साली बेलग्रेडच्या चित्रपट अकादमीने आपल्या सदस्यांचा कौल घेतला. १९४७ ते १९९५ या काळातला सर्वोत्तम सर्बियन चित्रपट कोणता? निवड झाली 'को तो तामो पेवा'ची, म्हणजे 'तिकडे गातंय तरी कोण?' तीन वर्षांनी क्रोएशियातल्या समीक्षकांनी त्यांच्याकडे असाच कौल घेतला. तिथे पहिला आला 'त्को प्येवा झ्लो ने मिस्ली', म्हणजे 'जो गातो त्याच्या मनात पाप नसतं'. आधी एकाच युगोस्लाव्हियात नांदलेले आणि तेव्हा अगदी काल-परवापर्यंत एकमेकांवर तोफा डागणारे हे दोन देश. दोघांनी आपापला लाडका सिनेमा निवडला आणि दोघांच्याही नावात गाणं निघालं.

योगायोगच, दुसरं काय! पण दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिल्यापासून हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही.

क्रेशो गोलिकचा क्रोएशियन चित्रपट १९७० सालचा. गोष्ट १९३५ च्या झाग्रेबमधली, शाफ्रानेक नावाच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची, आणि ती सांगतो घरातला धाकटा पेरिका, आपल्या डायरीतून. बाबांना वाइन आणि गाणं यापलीकडे फारसं काही सुचत नाही. आई देखणी, थोडी कंटाळलेली. मावशीचं लग्न जमत नाहीये. सहलीत भेटतो फुलिर नावाचा छानछोकीचा गृहस्थ, आणि मावशीला स्थळ म्हणून ज्याला घरी जेवायला बोलवायचं तो आईवरच डोळा ठेवून येतो. पोराला सगळं दिसतं, कळत काहीच नाही, आणि तो ते इमानेइतबारे लिहून ठेवतो. बस्स, एवढंच. कुणी मरत नाही, कुणी क्रांती करत नाही. अधूनमधून गाणी आहेत, आणि ती गाताना घरातली माणसं एकमेकांना माफ करत असावीत असं वाटतं. समाजवादी राजवटीत बनलेल्या या चित्रपटात समाजवादाची आठवणही कुणाला येत नाही.

स्लोबोदान शियानचा सर्बियन चित्रपट दहा वर्षांनंतरचा. पटकथा दुशान कोवाचेविचची. तारीख ५ एप्रिल १९४१. क्रस्तिच आणि मुलगा यांच्या खटारा बसमधून काही माणसं बेलग्रेडला निघाली आहेत. पहिल्या महायुद्धातला म्हातारा सैनिक, खोकणारा क्षयरोगी, जर्मनांच्या शिस्तीवर फिदा असलेला एक चिडका, शिकारी, नवपरिणित जोडपं, होतकरू गायक. शिवाय मागे क्रस्तिचची डुकरं. वाटेत एक शेतकरी रस्ताच नांगरून बसलाय, कारण रस्ता त्याच्या जमिनीतून जातो आणि पैसे मिळाल्याशिवाय तो बस सोडणार नाही. क्रस्तिचचा मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून बस चालवून दाखवतो. अॅकॉर्डियन घेतलेला मोठा आणि मोरचंग घेतलेला छोटा, असे दोन रोमा, म्हणजे जिप्सी, गायक मधूनमधून कॅमेऱ्याकडे बघत गातात. म्हाताऱ्याचं पाकीट हरवतं आणि चोर कोण याबद्दल कुणाच्याही मनात शंका नसते. सगळी बस त्या दोघांना बडवायला लागते. इतक्यात तारीख बदललेली असते. ६ एप्रिल, जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले तो दिवस. उरतात ते फक्त गाणारे दोघं.

एका चित्रपटातलं गाणं घर जोडून ठेवतं, दुसऱ्यातलं घर कोसळल्यावरही चालू राहतं. झाग्रेबचा सिनेमा आणि बेलग्रेडचा सिनेमा यांतला फरक सांगा म्हटलं तर मी याहून जास्त काही सांगू शकणार नाही. आणि हे विधान पूर्णपणे खरं नाही, हेही लगेच कबूल करतो.

बसचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या एका बसबद्दल. तीही बेलग्रेडकडेच निघालेली, पण चित्रपट झाग्रेबचा. निकोला तान्होफरचा 'एच-८', साल १९५८. आदल्याच वर्षी झाग्रेब-बेलग्रेड महामार्गावर रात्री पावसात एक बस आणि एक ट्रक समोरासमोर धडकले. अपघाताला कारण ठरलेली मोटार न थांबता निघून गेली. तिच्या नंबरपैकी फक्त सुरुवात कळली होती, एच-८. चित्रपट सुरू होतो तेव्हाच निवेदक सांगून टाकतात की अपघात होणार आहे आणि बसमधल्या अमुक-अमुक सीटवरची माणसं मरणार आहेत. पुढचा दीड तास आपण ही माणसं ओळखीची करून घेतो, आणि ती मात्र जागा बदलत राहतात. कुणी खिडकीसाठी, कुणी गप्पांसाठी, कुणी एखाद्या मुलीशेजारी बसायला मिळावं म्हणून. आपल्या हातात फक्त सीट नंबर. रहस्यपट म्हणजे काहीतरी लपवणं, या समजुतीला इतका सुरेख छेद मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तेव्हापासून रात्रीच्या बसचं तिकीट काढताना मी नंबर जरा जास्तच निरखून पाहतो.

तर झाग्रेबहून बेलग्रेडला जाणाऱ्या या रस्त्याचं सरकारी नाव होतं 'बंधुता आणि एकता महामार्ग'. १९९१ मध्ये तो बंद पडला. एकत्र कुटुंब फुटलं की आधी जमिनी वाटल्या जातात, मग भांडी, मग देव्हारा. युगोस्लाव्हियाच्या वाटणीत सैन्य, कर्ज, वकिलातींच्या इमारती, सगळ्यांवर वर्षानुवर्षं घासाघीस झाली. सिनेमाचं काय करायचं हे मात्र कुणालाच नीट ठरवता आलं नाही.

महायुद्धानंतरच्या युगोस्लाव्हियाचा पहिलाच कथापट घ्या. 'स्लाविका', १९४७. निर्मिती बेलग्रेडच्या 'अवाला फिल्म'ची. गोष्ट स्प्लिटच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची, म्हणजे क्रोएशियातल्या डाल्मेशियाची. दिग्दर्शक व्येकोस्लाव आफ्रिच मूळचा ह्वार बेटावरचा नट, युद्धात पार्टिझानांना, म्हणजे नाझींविरुद्ध लढणाऱ्या टिटोच्या गनिमांना, जाऊन मिळालेला. आता सांगा, हा सर्बियन चित्रपट की क्रोएशियन? पैसे पाहावेत की भाषा, दिग्दर्शकाचं गाव पाहावं की समुद्र? 'स्लाविका' फार थोर चित्रपट नाही. पात्रं घोषणा दिल्यासारखी बोलतात. पण पहिल्याच चित्रपटाने हा गुंता करून ठेवला आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं तो वाढतच गेला. झाग्रेबचा ब्रांको बाउएर बेलग्रेडला जाऊन 'प्रेकोब्रोयना' करतो आणि त्यातून मिलेना द्राविच नावाची सर्बियन तारका उदयाला येते. माँटेनेग्रोत जन्मलेला वेल्को बुलायिच झाग्रेबचा म्हणून ओळखला जातो. प्रागच्या 'फामू' चित्रपटशाळेतून एकाच सुमारास शिकून आलेले झाग्रेबचा रायको ग्रलिच आणि बेलग्रेडचा स्रजान कारानोविच एकमेकांच्या पटकथांवर काम करतात. ग्रलिचच्या 'सामो येद्नोम से ल्युबी'मध्ये (१९८१) नायक आहे मिकी मानोयलोविच, अस्सल बेलग्रेडचा.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. 'अयोध्येचा राजा' प्रभातने १९३२ साली मराठीत आणि हिंदीत एकदमच काढला, तोही कोल्हापुरात. तो कुणाचा, असा वाद घालायची वेळ आपल्यावर आली नाही इतकंच.

सुरुवात मात्र दोघांची वेगवेगळीच होती, कारण तेव्हा देशही वेगळे होते. ल्युमिएर बंधूंची चलचित्रं बेलग्रेडमध्ये ६ जून १८९६ रोजी तेराझिये चौकातल्या 'झ्लात्नी क्रस्त' नावाच्या काफानात, म्हणजे खानावळीत, दाखवली गेली. त्यानंतर महिनाभराने ती मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचली. पुढची दोन दशकं बेलग्रेड ही स्वतंत्र सर्बियाची राजधानी होती आणि झाग्रेब ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातलं शहर. सर्बियाचा पहिला कथापट १९११ चा, 'कारादजोर्दजे'. तुर्कांविरुद्ध उठाव करणाऱ्या नेत्याचं चरित्र. पैसे घातले स्वेतोझार बोतोरिच या हॉटेलमालकाने, कॅमेरामन पाथे कंपनीचा, दिग्दर्शक नॅशनल थिएटरमधला गाजलेला नट इलिया स्तानोयेविच, ज्याला सगळे 'चिचा इलिया', इलियाकाका म्हणत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांचा आद्यपुरुष तलवारबहाद्दर, आपला सत्यवचनी, यावरून काही अनुमान काढायचं असेल तर खुशाल काढा. मी काढणार नाही.

तो चित्रपट हरवला होता. कित्येक दशकं त्याची फक्त वर्णनं उरली होती. २००३ मध्ये तो सापडला कुठे, तर व्हिएन्नाच्या चित्रपट संग्रहालयात. ज्या साम्राज्याने १९१४ मध्ये सर्बियावर हल्ला केला, त्याच्याच राजधानीने सर्बियाचा पहिला सिनेमा सांभाळून ठेवला. क्रोएशियाला हे भाग्य लाभलं नाही. त्यांचा पहिला कथापट 'ब्रत्स्को उ झाग्रेबू' (१९१७) कायमचा गेला.

बोलपटांचा जन्म तर दोघांकडेही नाझींच्या छायेत झाला. झाग्रेबमध्ये हिटलरच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या क्रोएशियन राज्यात सरकारी संस्थेने 'लिसिन्स्की' (१९४४) काढला, एका संगीतकाराचं चरित्र. ओक्तावियान मिलेतिच हा दिग्दर्शक खरोखर हुशार होता, आणि चित्रपट देखणा आहे. त्याच सुमारास जर्मनव्याप्त बेलग्रेडमध्ये द्रागोल्युब अलेक्सिच नावाच्या एका कसरतपटूने चोरूनमारून 'नेविनोस्त बेझ झाश्तिते' बनवला. नायक तोच, दिग्दर्शकही तोच. अनाथ मुलीला दुष्ट सावत्र आईपासून वाचवायला तो दातांनी साखळ्या तोडतो, तारेला लोंबकळतो. चित्रपट म्हणून अगदीच बाळबोध. पण १९६८ मध्ये दुशान माकावेयेवने तो धूळ झटकून बाहेर काढला, त्याच्या काही चौकटी हाताने रंगवल्या, त्यात युद्धकाळातल्या बातमीपटांचे तुकडे पेरले, म्हाताऱ्या झालेल्या अलेक्सिचला पुन्हा कॅमेऱ्यासमोर कसरती करायला लावल्या, आणि त्याच नावाचा एक नवाच चित्रपट उभा केला. भोळ्या माणसाची टर न उडवता त्याच्या भोळेपणातून एका शहराची नामुष्की आणि जिद्द दोन्ही दाखवणं सोपं नाही. माकावेयेवचे पुढचे चित्रपट जास्त गाजले. मला हा जवळचा.

युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो, त्याला सिनेमाचं वेड होतं. त्याच्या खासगी प्रोजेक्शनिस्टच्या नोंदींप्रमाणे त्याने आठ हजारांहून जास्त चित्रपट पाहिले. दर उन्हाळ्यात तो ब्रियुनी बेटांवर असायचा आणि समोरच्या किनाऱ्यावर पुला शहरातल्या रोमन रंगमंडलात १९५४ पासून राष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरायचा. उघड्या आभाळाखाली, दोन हजार वर्षांच्या दगडी कमानींच्या आत, हजारो प्रेक्षक. सर्वोच्च पारितोषिकाचं नाव 'सुवर्ण अरेना'.

अशा मालकाच्या घरात युद्धपट फोफावले यात नवल नाही. बुलायिचच्या 'बित्का ना नेरेत्वी'मध्ये (१९६९) यूल ब्रिनर, ऑर्सन वेल्स, फ्रँको नीरो, सगळेच होते. नेरेत्वा नदीवरचा खराखुरा लोखंडी पूल सुरुंग लावून उडवला, पण धुरात काही दिसेना, म्हणून शेवटी छोट्या प्रतिकृतीवर भागवावं लागलं. तो मोडलेला पूल याब्लानित्सा गावात आजही पर्यटकांना दाखवतात. चार वर्षांनी आलेल्या 'सुत्येस्का'त तर टिटोच्या भूमिकेत रिचर्ड बर्टन! हे चित्रपट मला एका मर्यादेपलीकडे पाहवत नाहीत. माणसं कमी आणि रणगाडे जास्त.

याच वर्षांत बेलग्रेड आणि नोव्ही सादमध्ये उलट्या दिशेचा सिनेमा तयार होत होता. अलेक्सांदर पेत्रोविचने हंसपिसांचा व्यापार करणाऱ्या रोमा लोकांवर 'स्कुप्ल्याची पेर्या' काढला आणि १९६७ मध्ये कान महोत्सवात गौरव मिळवला. झिवोयिन पाव्लोविचचे नायक बेकार, भुरटे, हरलेले. झेलिमिर झिल्निकच्या 'रानी रादोवी'त तीन तरुण आणि एक तरुणी मार्क्सचे विचार खेडोपाडी न्यायला निघतात आणि चिखलात रुतून बसतात. १९६९ मध्ये बेलग्रेडच्या न्यायालयात या चित्रपटावर बंदीसाठी खटला चालला. न्यायालयाने तो सोडून दिला आणि त्याच उन्हाळ्यात बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ऑगस्टमध्ये 'बोर्बा' या पक्षाच्या दैनिकात लांबलचक लेख आला: आपल्या चित्रपटातली 'काळी लाट'. शिवी म्हणून दिलेलं ते नाव पुढे अभ्यासकांनी मानाने वापरलं. तेव्हा मात्र त्याची किंमत मोजावी लागली. माकावेयेवला देश सोडावा लागला. लाझार स्तोयानोविच या विद्यार्थ्याला 'प्लास्टिक येशू' या चित्रपटामुळे तुरुंगात जावं लागलं आणि त्याचा गुरू पेत्रोविच याची अकादमीतली नोकरी गेली. बरेच चित्रपट बंदीचा हुकूम न काढताच 'बंकरमध्ये' गेले. तिथल्या चित्रपटवाल्यांचा हा नेहमीचा शब्द. कागदोपत्री काहीच नाही, फक्त चित्रपट कुठे लागत नाही.

म्हणून जुन्या युगोस्लाव सिनेमाबद्दल कुणी फार हळवं होऊ लागलं की मला थोडं सावध व्हावंसं वाटतं. त्या एकत्र घरात गाणं होतं, तसा धाकही होता. झाग्रेबचा क्रस्तो पापिच 'लिसित्से'मध्ये (१९६९) तेच दाखवतो. १९४८ साल, टिटो आणि स्टालिन यांची नुकतीच फारकत झालेली, डाल्मेशियाच्या डोंगराळ गावात लग्न चाललंय आणि त्यात गुप्त पोलीस येतात. लग्नघराचं काय होतं ते बघवत नाही. याच चित्रपटाला पुलामध्ये दाद मिळाली, हीसुद्धा त्या घराची एक तऱ्हा.

१९९१ च्या उन्हाळ्यात पुलाचा महोत्सव रद्द झाला. कारानोविचचा 'विर्जिना' त्याच वर्षी पूर्ण झालेला, बेलग्रेड आणि झाग्रेबच्या भागीदारीत. शेवटचा युगोस्लाव चित्रपट असं त्याला म्हणतात. मुलगा नाही म्हणून मुलीलाच मुलगा म्हणून वाढवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. त्याच शरद ऋतूत झाग्रेबची अभिनेत्री मीरा फुर्लान बेलग्रेडच्या नाट्यमहोत्सवात काम करत राहिली. झाग्रेबच्या वृत्तपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं, राष्ट्रीय नाट्यगृहातली नोकरी गेली, आणि ती बेलग्रेडच्या नवऱ्यासोबत न्यूयॉर्कला निघून गेली. दिग्दर्शक एमीर कुस्तुरिकाच्या 'ओताच ना स्लुझबेनोम पुतू'ला १९८५ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्यात ती होती. पुढे अमेरिकन टीव्हीवरच्या 'बॅबिलॉन ५' या विज्ञानकथामालिकेत परग्रहावरची राजदूत म्हणून जगाने तिला ओळखलं. २००२ मध्ये ती परतली आणि ग्रीक शोकांतिकेतल्या मीडियाची भूमिका केली, ब्रियुनीच्या एका बेटावर. २०२१ मध्ये गेली. सिनेमाच्या वाटणीत नकाशे कुणाच्याही वाट्याला आले असतील, अशी माणसं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत.

मग दोघांनी आपापले युद्धपट काढले. स्रजान द्रागोयेविचच्या 'लेपा सेला लेपो गोरे'मध्ये (१९९६) सर्ब सैनिक एका अर्धवट बोगद्यात अडकलेत. बोगद्याचं नाव पुन्हा तेच, बंधुता आणि एकता. त्यांच्यात एक म्हातारा कॅप्टन आहे बाटा झिवोयिनोविच, जो टिटोच्या काळात डझनावारी चित्रपटांत नाझींना लोळवत आला होता. पडद्यावरचा पार्टिझान शेवटी त्या बोगद्यात येऊन बसतो, याहून क्रूर भूमिकावाटप मला आठवत नाही. त्याच वर्षी क्रोएशियात विंको ब्रेशानने 'काको ये पोचेओ रात ना मोम ओतोकू' काढला, माझ्या बेटावर युद्ध कसं सुरू झालं याचा फार्स. बराकीत अडून बसलेल्या मेजरला बाहेर काढायला गावकरी दारासमोर करमणुकीचे कार्यक्रम करतात. आपल्या सिनेमाकडे पाठ फिरवलेला क्रोएशियन प्रेक्षक या चित्रपटाला रांगा लावून आला. मला वाटतं, त्याला रडण्यापेक्षा हसण्याची परवानगी हवी होती.

द्रागोयेविचचा 'राने' १९९९ मध्ये झाग्रेबला लागला तेव्हा खाली क्रोएशियन उपशीर्षकं दिली होती. बेलग्रेडच्या गुंड पोरांचा इतका काळाकुट्ट चित्रपट, आणि लोक खालच्या ओळी वाचून खो खो हसत होते. त्याच द्रागोयेविचचा 'पारादा' (२०११) सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया आणि मॅसिडोनियाच्या पैशांतून झाला. बेलग्रेडच्या समलिंगी मिरवणुकीला संरक्षण द्यायला एक सर्ब गुंड आपल्या जुन्या शत्रूंना गोळा करतो, क्रोएशियन, बोस्नियन, अल्बानियन. विनोद काही वेळा फारच ढोबळ आहे, पण सगळीकडे तुफान चालला.

आणि दालिबोर मातानिचचा 'झ्विझ्दान' (२०१५). क्रोएशियन दिग्दर्शक, निर्मितीत सर्बिया आणि स्लोव्हेनियाही. शेजारच्या दोन खेड्यांतल्या, एक सर्ब आणि एक क्रोएट अशा जोडप्यांच्या तीन गोष्टी, १९९१, २००१ आणि २०११ मधल्या, तिन्ही वेळा नट-नटी तेच. मधली गोष्ट सर्वांत चांगली. युद्धात पडलेल्या घराची डागडुजी करायला क्रोएट तरुण येतो, घरातल्या सर्ब मुलीचा भाऊ युद्धात मेलेला, आणि बराच वेळ दोघांत फक्त हातोडीचा आवाज. कानमध्ये त्याला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

कुणाला सुरुवात करायची असेल तर गोलिकपासून करू नका, तो घरच्यांसोबत नंतर पाहायचा. आधी 'एच-८' पाहा, मग शियानची बस, मग पापिचचं लग्न. युद्धपट राहू द्या. कुस्तुरिकाचा 'अंडरग्राउंड' बहुतेकांनी आधीच पाहिलेला असतो. त्याची पटकथाही कोवाचेविचचीच, आणि तो सुरू होतो ६ एप्रिल १९४१ च्या सकाळी, बेलग्रेडच्या प्राणिसंग्रहालयावर बॉम्ब पडतात तिथून.